पंच्याण्णव टक्के कशाचे?

एका तालुक्याच्या गावी उपळेकर नावाचे एक प्राध्यापक राहत होते. चौतीस वर्षं त्यांनी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर दिवस कसा घालवायचा, हा प्रश्न त्यांना फार दिवस पडला नाही. इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश होता. मुक्त म्हणजे कुणीही वाचावा, कुणीही लिहावा आणि कुणाचं चुकलं तर कुणीही दुरुस्त करावं. त्यात किल्ल्यांवर भरपूर होतं, क्रिकेटवर होतं, मिसळीवरही होतं. संख्याशास्त्रावर मात्र तीनच ओळी होत्या आणि त्यांतली एक चुकलेली होती. सरांनी ती दुरुस्त केली. तिथून त्यांना नाद लागला.

हळूहळू आणखी दोघं येऊन मिळाले. रुक्साना मुजावर कोल्हापूरला एका विमा कंपनीत आकडेमोड करत. भालचंद्र डोईफोडे परभणीचे. जनगणनेच्या कामात त्यांची हयात गेली होती. तिघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. फोनवर मात्र ‘मीडियन’ला ‘मध्यक’ म्हणावं की ‘मध्यगा’ यावर तास तास वाद घालत. मोबदला कुणालाच नव्हता. लेखावर खरं नावही जात नसे. प्रत्येकानं एक टोपणनाव घेतलं होतं. सरांचं टोपणनाव ‘निरीक्षक’. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, असा त्यांचा नियम होता. सहा वर्षांत त्यांनी दीडशेच्या आसपास लेख उभे केले.

त्यातला ‘चाचणीची विश्वासार्हता’ हा सरांचा लेख सगळ्यांत गाजला. ज्ञानकोशानं त्याला निवडक लेखाचा मान दिला. शाळा-महाविद्यालयांतून तो वाचला जाऊ लागला. एका संस्थेनं तिघांचा सत्कार करायचंही ठरवलं.

एके दिवशी त्या लेखाच्या चर्चापानावर एक प्रश्न आला. चर्चापान म्हणजे लेखाबद्दल शंका विचारायची जागा. विचारणारीनं टोपणनाव घेतलं नव्हतं. सुगंधा खरमाटे, एवढंच लिहिलं होतं. प्रश्न असा होता: “लेखात म्हटलंय की चाचणी पंच्याण्णव टक्के अचूक असेल, तर तिच्यात दोषी ठरलेला माणूस पंच्याण्णव टक्के दोषी असतो. हे पंच्याण्णव टक्के कशाचे?”

सरांना प्रश्न बाळबोध वाटला. त्यांनी उत्तर दिलं, “लेखात सर्व स्पष्ट केले आहे. कृपया पुन्हा वाचावे.”

दोन दिवसांनी पुन्हा तीच बाई. “सर, चार वेळा वाचला. मी शिकलेली बारावी. आमच्या आंबेदरे खोऱ्याच्या दूध संघात भेसळ ओळखायच्या पट्ट्या आल्यात. खोक्यावर लिहिलंय, पंच्याण्णव टक्के अचूक. संघाला हजार घरं दूध घालतात. पट्टीनं अठ्ठावन्न घरं पकडली. संघानं तुमचा लेख छापून फलकावर लावला, खाली अठ्ठावन्न नावं लावली आणि त्यांचं दूध बंद केलं. त्यात आमच्या गावच्या कस्तुराबाई आहेत. त्यांची म्हैस आमच्या संकलन केंद्रासमोरच बांधलेली असते. मी केंद्राची सचिव. धार काढतात ती मला खुर्चीतून दिसते. त्या दुधात काही मिसळलं नव्हतं. म्हणून विचारते, शंभर प्रामाणिक माणसांचं दूध या पट्टीनं तपासलं, तर किती जण पकडले जातील?”

सरांनी टाईप केलं, “पाच.”

आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

शंभरात पाच, तर हजारात पन्नास. भेसळ करणारी घरं मुळात थोडी असली, तर पकडलेल्यांत प्रामाणिकच जास्त निघणार. हे ते वर्गात दर वर्षी शिकवत आले होते. मग लेखात असं वाक्य आलं कुठून? त्यांनी लेखाचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं, ते त्यात नोंदलेलं असतं. सुरुवातीच्या लेखात हा सगळा हिशोब समजावणारे दोन परिच्छेद होते. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ते काढले होते आणि दोन टोकांची वाक्यं एकमेकांना जोडून टाकली होती. नोंदीत लिहिलं होतं: “वाचकांना जड जाते. सोपे केले.” खाली सही होती, निरीक्षक.

सरांनी डोईफोडेंना फोन लावला. डोईफोडे म्हणाले, “सत्कार महिन्यावर आलाय. आता गाजावाजा कशाला? ते वाक्य बदला, परिच्छेद परत टाका आणि नोंदीत ‘भाषा सुधारली’ असं लिहा. इतिहास उघडून कोण बघतंय?”

सरांना ते पटलं. खरं तर ते पटवून घेणं त्यांना सोपं गेलं. त्यांनी वाक्य बदललं, परिच्छेद परत टाकले, ‘भाषा सुधारली’ असं लिहिलं आणि सुगंधाला उत्तर दिलं, “आता लेख पाहावा.”

सुगंधानं लेख पाहिला. तिला आनंद झाला. तिनं तो छापून घेतला आणि संघाच्या कार्यालयात नेला. अध्यक्ष शिवाजीराव थोरबोले यांनी फलकावरचा कागद काढून तिच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींवर लेखाचं नाव एकच होतं. मजकूर मात्र उलटा.

“हा लेख कुणीही बदलू शकतं ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो, पण तो निरीक्षक म्हणून कुणी आहेत त्यांनी—”

“हा निरीक्षक कोण? राहतो कुठं?”

सुगंधाला सांगता येईना.

अध्यक्ष म्हणाले, “कस्तुराबाई तुझ्या केंद्रावरची. गेल्या आठवड्यात तू या लेखाच्या मागं लागलीस आणि या आठवड्यात लेख बदलला. कुणाला काय कळायचं ते कळतं, खरमाटे बाई. बारा तारखेला सभा आहे. तिथं तुझ्या सचिवपदाचा निर्णय होईल.”

सुगंधानं हे चर्चापानावर लिहिलं. तक्रार केली नाही. शेवटी एवढंच लिहिलं, “सर, अठ्ठावन्न घरांच्या नमुन्यांच्या सीलबंद बाटल्या संघाच्या शीतगृहात आहेत. त्या महिनाभरच ठेवतात. वीस तारखेला फेकून देतील. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत त्या तपासल्या तर खरंखोटं कळेल. पण माझं आता कुणी ऐकणार नाही.”

सरांनी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानं रुक्सानाबाईंचा फोन आला. त्यांनीही वाचलं होतं, आणि लेखाचा इतिहासही पाहिला होता.

“सर, बदल तुम्ही केलात आणि आळ तिच्यावर आला,” त्या म्हणाल्या.

“खरं आहे,” सर म्हणाले.

“मी तुम्हाला एकट्याला बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी तो लेख तपासायची पाळी माझी होती. मी तुमचं नाव बघितलं आणि न मोजता बरोबरची खूण केली.”

“तुमचा माझ्यावर विश्वास होता,” सर म्हणाले.

“विश्वास कसला? आळस होता. बारा तारखेला मी रजा काढते. तुम्ही येणार असाल तर बसस्टँडवर भेटू.”

बारा तारखेला सकाळी आंबेदऱ्याच्या बसस्टँडवर दोघं सहा वर्षांत पहिल्यांदा भेटले. सर फोनवरच्या आवाजापेक्षा म्हातारे दिसत होते. दोघं चालतच संघाच्या सभागृहात गेले. सातशे-आठशे माणसं जमली होती. अठ्ठावन्न घरांतली माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी शेजारी कुणी बसत नव्हतं. सुगंधाचा विषय निघाला तसे सर उठले आणि पुढं गेले.

“मी निरीक्षक,” ते म्हणाले. “माझं खरं नाव मनोहर उपळेकर. फलकावरचं वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे. लेख सोपा करायच्या नादात मी ते लिहिलं. गेल्या आठवड्यात या बाईंनी विचारल्यावर मला चूक कळली. मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि नोंदीत खोटं कारण लिहिलं. बाईंनी लेखाला हातही लावलेला नाही.”

सभेत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी हात वर केला.

“प्राध्यापकसाहेब, परवा तुम्ही लिहिलं ते चूक. मग आज बोलताय ते बरोबर कशावरून?”

“मी बोलतो म्हणून मानू नका. मोजून बघा. गेल्या पाच वर्षांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेली भेसळ किती?”

संघाच्या लेखनिकानं वही पाहिली. “शंभरात एक घर.”

“म्हणजे हजारात दहा. पट्टी त्यांतली नऊ-दहा पकडेल. उरली नऊशे नव्वद प्रामाणिक घरं. पट्टी शंभरात पाच वेळा चुकते. म्हणजे त्या नऊशे नव्वदांतलीही पन्नासेक घरं पकडली जाणार. तुमच्या यादीत अठ्ठावन्न नावं आहेत. त्यांतली दोषी किती असतील, ते आता तुम्हीच सांगा.”

एक म्हातारे सभासद बोटांवर मोजत होते. ते मोठ्यानं म्हणाले, “आरं, पाच वाट्यांतलं चार वाटं निर्दोष!”

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता, पण ते हटले नाहीत. “हे दूध लेकरांच्या पोटात जातं. मी कडक राहिलो यात माझं काय चुकलं?”

“कडक राहण्यात काही चुकलं नाही,” सर म्हणाले. “माझ्या वाक्यावर विसंबून कडक राहिलात. ते वाक्य मी चुकवलं. पट्टी फेकू नका. पट्टीनं पकडलेल्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवा आणि मगच नाव लावा. बाटल्या अजून आठ दिवस आहेत.”

रुक्सानाबाई उठून एवढंच म्हणाल्या, “तो लेख तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही.” आणि खाली बसल्या.

बाटल्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेल्या. पाच दिवसांनी निकाल आला. अठ्ठावन्नांपैकी अकरा नमुन्यांत भेसळ निघाली. सत्तेचाळीस स्वच्छ होते. कस्तुराबाईंचा नमुना त्या सत्तेचाळिसांत होता. अध्यक्षांनी पुन्हा सभा बोलावली आणि सत्तेचाळीस नावं स्वतः वाचून दाखवली. एकेका नावाला ते म्हणाले, “यांचं दूध शुद्ध होतं. संघ चुकला.” सुगंधाचं सचिवपद राहिलं. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही. तीही दुसऱ्या दिवशी वेळेवर केंद्रावर जाऊन बसली.

सरांनी ज्ञानकोशात लेखाच्या माथ्यावर एक टीप टाकली. चूक कोणती होती, कुणी केली, किती वर्षं राहिली आणि तिच्यामुळे काय झालं, ते सगळं तिच्यात होतं. सत्काराच्या संस्थेलाही त्यांनी तेच कळवलं. संस्थेनं सत्कार रद्द केला. लेखाचा निवडक हा मानही गेला. डोईफोडे चार दिवस रागावून बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आपल्या जुन्या लेखांपैकी बारा लेख त्यांनी पुन्हा मोजून पाहिले होते. दोन ठिकाणी चुका सापडल्या होत्या आणि त्यांनी त्या आपल्या नावानं जाहीर केल्या होत्या.

सर एकदा मुद्दाम कस्तुराबाईंच्या घरी गेले. सुगंधा बरोबर होती. दारात दावण रिकामी होती. दूध बंद झालं तेव्हा कस्तुराबाईंनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि म्हैस विकून टाकली. ती आता दोन तालुके पलीकडे होती. घेणारा परत द्यायला तयार नव्हता.

सरांनी हात जोडले. “माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले.

कस्तुराबाईंनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. चहा ठेवला. मग म्हणाल्या, “मला वाचाय येत न्हाई, मास्तर. तुमी काय लिवलं हुतं ते मला ठावं न्हाई. पर ज्यांस्नी वाचाय येतं त्या समद्यांनी ते वाचलं, आन् माझ्या दारावरनं जायचं सोडलं. आता परत जाया लागल्यात. तुमी तवा सभंत उठला नसता, तर मी मरूस्तवर भेसळवालीच ऱ्हायले असते.”

सरांनी चहा घेतला. म्हैस काही परत आली नाही.

तात्पर्य: आपली चूक गुपचूप पुसली, तर फक्त आपला कागद स्वच्छ होतो. ती आपली म्हणून चारचौघांत सांगितली, तरच जिथवर पोचली आहे तिथवर जाऊन तिला थांबवता येतं. आणि सांगायला जितका उशीर कराल, तितकं भरून न येणारं नुकसान दुसऱ्याच्या पदरात पडतं.