गोजाईची बसकण

तो दगड ओला का, हे विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. आजूबाजूला बघा, हिंगुळवाडीत सगळं कोरडं. खडक लाल, वाळू लाल, दुपारी वारा सुटला की चहावरसुद्धा लाल साय धरते. आणि एवढ्या रखरखाटात कड्याच्या पायथ्याचा हा एकच चपटा दगड बारा महिने ओला. अहो, ती बॅग उचला त्याच्यावरनं. हां. ती गोजाईची बसकण आहे. तिच्यावर बसणाऱ्याला एक गोष्ट कबूल करावी लागते, ती मग सांगते.

दुसरं तुम्ही विचारलंत ते हे, की आमचा हमीदभाई दोर बांधायच्या आधी प्रत्येकाला ‘घरी कोण वाट बघतंय?’ असं का विचारतो. तुम्ही कड्यावरून दोरानं उतरायला आलात, कुणी तारेला लटकून घळ ओलांडायला आलंय, कुणी जीपमधून वाळूच्या टेकड्या पालथ्या घालायला. हेल्मेट घातलं, कमरेचा पट्टा आवळला, आणि हा माणूस मध्येच घरची चौकशी करतो. शहरातल्या लोकांना गंमत वाटते. कुणी बायकोचं नाव सांगतं, कुणी आईचं, परवा एका पोरीनं मांजरीचं सांगितलं. मांजर चालते. फक्त ‘कुणी नाही’ हे उत्तर चालत नाही. ते निळ्या टोपीवाले साहेब मघाशी तेच म्हणाले आणि हमीदभाईनं हातातला दोर खाली ठेवला. साहेब, रागावू नका, तो उद्धट नाही. चहा घ्या, बसा, ऐका. कडा कुठं पळून जात नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी हिंगुळवाडी म्हणजे ह्या कड्याखालची मूठभर घरं. पाऊस आला तर आला. गाव जगायचं ते एका झिऱ्यावर. वर कड्याच्या मध्यावर काळं भोक दिसतंय ना, ती गुहा. तिच्या आत पाण्याचं टाकं आहे. त्या टाक्यातलं पाणी खडकातल्या फटीतून झिरपत खाली यायचं आणि ह्या दगडाशेजारी बाहेर पडायचं. धार करंगळीएवढी, पण माणसं, गुरंढोरं, सगळी तिच्यावर.

एका उन्हाळ्यात ती धार थांबली. आधी बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नुसती ओल, आणि मग ओलही गेली. आतली फट गाळानं बुजली असणार, हे जाणत्यांनी ओळखलं. वरून दोरानं कुणीतरी गुहेच्या तोंडाशी उतरायचं, आत शिरायचं आणि पहारीनं फट मोकळी करायची, एवढाच उपाय होता. आज तुम्ही हौसेनं उतरता तोच हा कडा; पण तेव्हाचा दोर अंबाडीचा, आणि गुहेत तोवर कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं. जायचं कुणी? ज्याच्या त्याच्या मागं कुणीतरी होतं. कुणाची म्हातारी आई, कुणाची तान्ही लेकरं, कुणाचं नुकतं लग्न झालेलं. शेवटी पाटील म्हणाला, ज्याच्यामागं रडणारं कुणी नाही, त्यानं जावं. नाव घ्यायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी म्हाळूकडं बघितलं.

हा म्हाळू गावचा नव्हता. मिठाचे बैल घेऊन एक तांडा चालला होता, त्यात हा लहानपणी तापानं फणफणलेला. तांडा त्याला इथंच टाकून पुढं गेला म्हणे. गावानं त्याला वाढवलं, म्हणजे ज्या घरी भाकरी उरली त्या घरी तो जेवला. हा आमचा, असं कुणी म्हटलं नाही. कड्याकपारीत हिंडतच तो मोठा झाला. कुणाची शेळी कपारीत अडकली की म्हाळूला बोलावणं यायचं, आणि शेळी घरी आली की म्हाळू जेवला का, हे कुणी विचारायचं नाही. मला त्या गावाचा राग येतो. पण ते गाव माझंच आहे, तेव्हा राग गिळते आणि पुढं सांगते.

म्हाळू ‘जातो’ म्हणाला. पण त्यानं एक अट घातली. “दोर वरचे लोक धरतील, ते मला ठाऊक आहे. पण कुणीतरी एकानं खाली माझी वाट बघत बसावं. मी येईस्तोवर उठू नये. आणि मी आलो की विचारावं, का रे, एवढा उशीर केलास?”

ऐकायला केवढीशी अट. पण सगळे माना खाली घालून बसले. कारण तेव्हाची रीत अशी, की जो ज्याची वाट बघत बसला तो त्याचा झाला. मेला तर सुतक धरायचं, जगला तर रोज ताट वाढायचं. अशा कोरड्या वर्षात नवं तोंड घरात कोण घेणार?

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “मी बसते.” ती गोजा. गावातली सगळ्यात भांडखोर बाई. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, जिभेला हाड नाही. आणि म्हाळूशी तर तिचं उभं वैर. लहानपणी त्यानं तिच्या चुलीपुढची भाकरी पळवली होती, ते ती विसरली नव्हती. ‘मेल्या’शिवाय तिनं त्याला कधी हाक मारली नाही. लोकांना वाटलं, ही चेष्टा करतेय. ती मात्र तरातरा चालत आली आणि ह्या दगडावर बसली. का बसली, ते कुणीच सांगत नाही. मी पुष्कळांना विचारून बघितलं. माझी सासू म्हणायची, ज्याच्यावर रोज ओरडायचं तोच गेला तर बाईचा दिवस कसा जायचा? असेलही तसं.

म्हाळूला वरून सोडलं. गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर त्यानं कमरेचा दोर सोडून एका दगडाला अडकवला, चूड पेटवली आणि पहार घेऊन आत गेला. बराच वेळ ठोकल्याचा आवाज येत होता. मग आत काहीतरी कोसळलं. गुहेतून लाल धुरळा बाहेर आला. वरच्या माणसांनी घाबरून दोर ओढला, तर मोकळं टोक हातात आलं. हाका मारल्या, उत्तर नाही. दिवस कलला तसा त्यांनी दोर गुंडाळायला घेतला.

पाटील खाली येऊन गोजाला म्हणाला, ऊठ बाई, झालं ते वाईट झालं, आंघोळ कर आणि सुतक धर. गोजा म्हणाली, “आंघोळीला पाणी कुठंय? आणि सुतक कुणाचं? तो यायचाय अजून.” पाटलानं समजावलं, बायकांनी समजावलं. तिचं एकच, मी उठले म्हणजे तो मेला, मी काही उठत नाही. वर तिनं दोरवाल्यांना फर्मावलं, दोर होता तिथं परत सोडा, त्याचा हात पोचेल असा. ते ऐकणारे नव्हते. पण बाई ओठ फुटून खाली बसलीय आणि आपण दोर घेऊन घरी चाललोय, हे त्यांच्यानं होईना. त्यांनी दोर सोडला आणि पाळीपाळीनं वर बसायला लागले.

किती दिवस बसली ती? कुणी दोन म्हणतं, कुणी पाच. मी तिथं नव्हते. आणि बसून करत काय होती, तर भांडत होती. फटीकडं तोंड करून त्या म्हाळूला शिव्या घालत होती. मेल्या, भाकरी पळवताना बरे पाय चालत होते तुझे, आता काय झालं? आत संसार थाटलास का? घसा बसला तरी थांबली नाही. लोक म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

आता आतलं ऐका. म्हाळू जिवंत होता. छताचा दगड कोसळून त्याच्या पायावर आला होता, चूड विझली होती. गुहा आत वाकडीतिकडी आहे, त्यामुळं बाहेरचं तोंड कुठल्या अंगाला तेच त्याला उमजेना. टाक्याचं पाणी हाताशी होतं म्हणून जीव टिकला. हाका मारून थकला आणि पडून राहिला. पुढं त्यानंच सांगितलं म्हणे, की मरायचं भय असं वाटत नव्हतं, फक्त फार एकटं वाटत होतं. आणि मग खडकाच्या पोटातनं त्याला ऐकू आलं, ‘मेल्या’.

आवाज त्या बुजलेल्या फटीतून येत होता. गाळातून आवाज कसा गेला, ते मला विचारू नका. मघाशी तुमच्यातल्या ताईंनी फटीला कान लावला होता, त्यांना विचारा आत काय घुमतं ते. म्हाळूनं दगडाखालचा पाय कसाबसा ओढून काढला आणि आवाजाच्या रोखानं सरपटत गेला. हाताला चिकट गाळ लागला तेव्हा त्याला कळलं, हीच ती फट. पहार कुठं दगडांखाली गेलेली, म्हणून हातांनीच उकरलं. इकडं गोजाचं चाललेलंच होतं, आणि तिच्या मांडीशेजारी खडकातनं लाल चिखल बाहेर आला. मग लाल पाणी, मग स्वच्छ. गाव मडकी घेऊन धावलं. गोजा पाण्यात बसलेली, पण तिनं ओंजळ भरली नाही. पाणी आलं हो, म्हणाली, पण तो कुठं आलाय?

आत येताना फट समोर लागली होती, त्यामुळं ती सापडल्यावर म्हाळूला दिशा सापडली. फटीकडं पाठ करून तो सरपटत निघाला, वळणापलीकडं उजेड दिसला, आणि तोंडाशी बघतो तर दोर लोंबतोय. त्यानं कमरेला बांधून हिसका दिला. वरच्यांनी ओढून काढला आणि पाठुंगळीला घालून खाली आणला. पाय मोडलेला, नखं गेलेली, डोक्यापासून टाचेपर्यंत लाल. गोजानं त्याच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, “का रे, एवढा उशीर केलास?”

म्हाळू रडला. सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला. मग गोजा उठली, पाणी प्यायली आणि त्याला घरी घेऊन गेली. जन्मभर त्याच्याशी भांडली म्हणतात, पण ताट आधी त्याचं वाढायची. आणि गावाला लाज वाटली, हे मात्र खरं. तेव्हापासून ठरलं, की ज्याच्यामागं कुणी नाही त्याला कड्यावर सोडायचं नाही. आधी त्याच्यासाठी ह्या दगडावर कुणीतरी बसायचं, आणि तो परत येईस्तोवर उठायचं नाही. हीच ती कबुली.

आजही दगड ओला आहे, फट वाहतेय, आणि हमीदभाई तेच विचारतो. आजही कुणी ‘कुणी नाही’ म्हणालं, की गावातलं कुणीतरी हातातलं काम टाकून इथं येऊन बसतं.

साहेब, नाव काय तुमचं? मोठ्यानं सांगा, वाऱ्यानं ऐकू येत नाही. विश्राम. बरं. हा कप धर माझा. सरका हो जरा, बसू द्या मला. विश्राम, वर गेलास की फोटो काढत रेंगाळू नकोस, दगड गार आहे आणि माझे गुडघे म्हातारे झालेत. खाली आलास की मी एकच विचारीन, त्याला काय सांगायचं ते येता येता ठरव.

हमीदभाई, बांधा दोर. ह्याची वाट मी बघतेय.