मैदानाकडे पाठ

"पण बाई, माझ्या मोजणीत चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगा."

केतकीने आपल्या शाळेतल्या सावर्डेकरबाईंना तिसऱ्यांदा विचारलं. फाटकाशी आपल्या लोखंडी खुर्चीत बसून त्या समोरच्या रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पाठीमागे, मैदानावर, त्यांच्याच हाताखालच्या अकरा मुली खो-खो खेळत होत्या. नऊ जणी पाठलागाला. पळायला दोघीच उरत.

केतकी नगरपालिकेत नियोजनाचं काम करत असे. गाव चाळीस हजारांचं होतं तेव्हा हे मैदान गावाच्या वेशीबाहेर होतं. आता गाव दोन लाखांचं झालं होतं आणि मैदान बरोबर मधोमध आलं होतं. त्याचा नवा आराखडा केतकीने केला होता. चालायला पट्टा, बॅडमिंटनचा हॉल, व्यायामाची यंत्रं, लहानांना झोके, म्हाताऱ्यांना बाकं. सगळ्यांना जागा मिळाली होती. मुलींच्या खो-खोच्या जागी मात्र प्रेक्षकांची गॅलरी होती.

उद्या सभा. नकाशाच्या तळाशी मैदान समितीच्या सहीची जागा अजून कोरी होती. ती सही बाईंची. तिच्याशिवाय आराखडा सभेपुढे जाणार नव्हता.

"सात दिवस मी इथं उभी होते," केतकी म्हणाली. "सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ. आत येणारा एकेक माणूस लिहून घेतला. चालणारे तीनशे बारा. क्रिकेटवाले एकशे चाळीस. पत्ते खेळणारे आजोबासुद्धा सोडले नाहीत. बावीस."

"तेवीस. एक जण नुसता डाव बघतो."

केतकीला हसू आलं, ते तिने गिळलं.

"आणि मुली अकरा. बाई, दोन लाखांच्या गावात अकरा जणींसाठी एवढी जागा... मी सभेत काय सांगू? ज्याचा जेवढा वापर, त्याला तेवढी जागा. तसा नियमच आहे."

"बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? नियम बरोबर आहे. बेरीज बरोबर आहे. शाळेतही तुझं गणित चांगलं होतं."

"खो-खो पण चांगला होता."

"होता," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी खो दिला. केतकीची पाठ आपोआप ताठ झाली.

सतरा वर्षं झाली होती. नववीच्या दिवाळीनंतर वडील म्हणाले होते, आता पुरे, आणि खेळ तिथेच थांबला होता. पण चौकोनात बसून मागच्या पावलांचा कानोसा घेणं, श्वास रोखून धरणं, आणि मग पाठीवर पडणारी ती थाप... ते काही पुरं झालं नव्हतं.

तिने विषय बदलला.

"तुम्ही आधी वळून बसा बरं, बाई. मुली तिकडं खेळताहेत आणि तुमची त्यांच्याकडं पाठ. लोक काय म्हणतील?"

"ऐकू येतंय मला. शुभदा आज टाचेवर धावतेय." मान न वळवता बाईंनी हाक मारली. "शुभदे, चवड्यावर."

"हो, बाई," मागून आवाज आला.

केतकीने वळून पाहिलं. एक उंच मुलगी चवड्यावर धावू लागली होती.

"मग इकडं बघता तरी काय?"

बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस."

"तुमच्या खुर्चीत मी..."

"सही हवी ना? साडेसहापर्यंत बस. मग देते."

केतकी बसली. नकाशाची गुंडाळी तिने मांडीवर घेतली.

रस्ता रस्त्यासारखाच होता. रिक्षा, पाणीपुरीची गाडी, शिकवण्या सुटून येणाऱ्या सायकली.

एक मुलगी जोरात आली, कुंपणाशी हळू झाली, कुंपण संपल्यावर पुन्हा जोरात गेली. दुसरी खाली उतरली आणि अख्ख्या कुंपणाभर सायकल हातात धरून चालली. तिसरीच्या हातात पिशवी होती. ती दर चार पावलांवर थांबे आणि पिशवी या हातातून त्या हातात घेई, पण पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे काही असेल असं वाटत नव्हतं. कडेवर मूल घेतलेली एक बाई जाळीशी उभी राहिली. मुलाला ती "बघ, बघ" म्हणत होती. मूल तिच्या कानातल्याशी खेळत होतं. ती बघत होती.

सवयीने केतकी मनातल्या मनात मोजू लागली. सदतीस. अडतीस...

चाळीसच्या पुढे तिचं मोजणं चुकलं.

पलीकडे विजेच्या डीपीपाशी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी थांबली होती. सायकल स्टँडला लावून ती चेनपाशी वाकली. तिने चेन बोटाने खाली ओढली. चेन पडली. मग ती बसवण्यात मुलगी गढून गेली, पण डोळे काखेखालून मैदानावर होते.

केतकी खुर्चीतच पुढे सरकली.

"बाई... तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी तर रोज पडायची. तिथंच. मी सायकलवाल्या बाबूरावांना जाऊन विचारलं, पोरीची चेन नीट का बसवून देत नाही? म्हणाले, बाई, ती सायकल माझ्याकडं कधी आलीच नाही."

केतकी हसली नाही.

"मग मला हाक का नाही मारलीत?"

आवाज नववीतल्या मुलीचा निघाला. तिलाही तो ओळखू आला.



"घरी आले होते तुझ्या. दोनदा. तुझ्या वडलांनी चहा दिला. चहा चांगला होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नसेल सांगितलं."

"पण इथं... इथून तर हाक मारता आली असती."

"मारली असती तर दुसऱ्या दिवसापासून तू मागच्या रस्त्यानं गेली असतीस."

केतकीने मान खाली घातली. खरं होतं ते. ती तशीच गेली असती.

मैदानावर पुन्हा खो दिल्याचा आवाज झाला. डीपीपाशी वाकलेल्या मुलीची पाठही क्षणभर ताठ झाली.

साडेसहा वाजले. बाईंनी पदराआडून पेन काढलं.

"आण तो नकाशा. सही कुठं करू?"

केतकीने गुंडाळी उलगडली नाही. तिच्यावरचं रबर आणखी एक वेढा घालून घट्ट केलं.

"आज नको, बाई."

"उद्या सभा आहे ना?"

"आहे. सांगेन, मोजणी अपुरी आहे म्हणून."

"साहेब?"

"ओरडतील."

बाईंनी पेन परत ठेवलं. त्या खुर्चीकडे वळल्या, तशी केतकी उठली आणि गुंडाळी त्यांच्या हातात देऊन रस्ता ओलांडायला निघाली. पलीकडे मुलीची बोटं वंगणाने काळी झाली होती, तरी चेन काही बसत नव्हती.

"केतकी."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली.

"हो, बाई?"

बाई खुर्चीत टेकल्या. तोंड रस्त्याकडेच होतं.

"सावकाश बसव."