बांबूच्या बेटातली वाट

डोंगराच्या पायथ्याला एका रानात एक हरिणी राहत असे आणि मुलांनो, तिच्या पायाला जणू भिंगरीच होती. तसे तिचे तरी काय चुकत होते? कुरणातून पाणवठ्याकडे जाणारी जवळची वाट एकच. ती बांबूच्या दाट बेटातून जाई आणि तिच्या शेवटच्या वळणावर वाघ दबा धरून बसे. त्या उन्हाळ्यात कळपातली बरीच पाडसे तिथेच गेली होती. आपले एकुलते पाडस तरी वाचावे म्हणून हरिणी बेटात शिरल्यापासूनच जीव खाऊन धावे. तिचे पाहून गवे धावत, नीलगाई धावत, रानडुकरे धावत. नुसती धडधड आणि धूळ.

एके दिवशी त्या पळापळीत एका सशाचा पाय गव्याच्या खुराखाली सापडला. तेव्हा म्हाताऱ्या हत्तिणीने सगळ्यांना जमवले. "उद्यापासून बेटातून कुणी धावायचं नाही. चालायचं. जमत नसेल त्यानं डोंगराला वळसा घालून पाण्यावर जावं," ती म्हणाली.

"आजी, तुमचं बरं आहे. वाघ तुमच्या वाटेला जात नाही," हरिणी फणकारली. "आम्ही रेंगाळलो की त्याचं आयतंच फावेल."

"अगं पोरी, धावून तरी किती वाचली?" हत्तिणीने विचारले. हरिणीने रागाने मान फिरवली.

नाइलाजाने ती चालू लागली, पण जीव सारखा टांगणीला. कान टवकारलेले, शेपटी थरथरतेय, पाय आपोआप उचलले जाताहेत. "आई, पळू या का?" पाडस विचारी. "गप चाल," म्हणून ती त्याला दटावी. इकडे वाटेवरची धूळ खाली बसली. टिटवीने कडेच्या खडीत अंडी घातली. जायबंदी ससा लंगडत का होईना, वाट ओलांडून पलीकडच्या बहिणीकडे जाऊ लागला. हरिणीला कशाचेच कौतुक नव्हते. "मेलीला अंडी घालायला हीच जागा सापडली," ती पुटपुटे.

एका दुपारी ते वळण जवळ आले. हरिणीला राहवेना. आता पळायचेच, असे ठरवून तिने पाय उचलला, इतक्यात लांबून "खक्, खक्" असा आवाज कानी पडला. मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला वानर वाघाची वर्दी देत होता. सगळे जागच्या जागी थबकले आणि पाऊल न वाजवता मागे फिरले. गवत हलले, पिवळे अंग दिसले आणि वाघ उपाशीपोटी निघून गेला.

संध्याकाळी हरिणी मोहाखाली गेली. "वानरदादा, तुझ्यामुळे माझं लेकरू वाचलं. आधीपासून असा ओरडला असतास, तर किती जणींची वाचली असती."

"ताई, उन्हाळाभर ओरडतोय. घसा फाटला माझा," वानर म्हणाला. "तुमच्या खुरांच्या धडधडाटात ऐकणार कोण?"

हरिणीला गेलेली पाडसे एकेक करून आठवली. त्या प्रत्येक दिवशी सर्वांच्या पुढे आपणच धावत होतो, हेही आठवले. ती पाडसाला पोटाशी घेऊन खूप रडली.

तात्पर्य : वाटेवरचा वेग आवरला की नुसती पायाखालची माणसे वाचतात असे नाही, सावध करणाऱ्याची हाकही ऐकू येते.