एगप्लांटचं भरीत

माझी लेक शाल्मली इंग्रजी शाळेत तोंडच उघडत नाही, हे कळल्यापासून मला झोप नव्हती. घरी मराठी बोलून मीच तिचं नुकसान केलं की काय? खरं कारण कळलं तेव्हा मात्र डोकं फिरलं. चित्रातल्या वांग्याला तिने 'वांगं' म्हटलं, म्हणून मुख्याध्यापिका मिरजगावकर मॅडमनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

मला धड भांडता येत नाही, तरी तिला घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"शाळेत एगप्लांटच म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"गेल्या आठवड्यात हिच्या डब्यातलं उकडलेलं अंडं तुम्ही कचऱ्यात टाकायला लावलंत. तोही नियमच ना?"

"अर्थात. शाळेत अंडं चालत नाही."

"मग एगप्लांट कसं चालतं? नावातच अंडं आहे. उद्या हिच्या डब्यात भरीत देणार आहे. ते वांग्याचं म्हणू, की तेही टाकायला लावाल?"

मॅडमचा चेहरा उतरला. "वांग्याचं म्हणा," त्या पुटपुटल्या. "आणि हिला परत बाहेर उभं करणार नाही."

मी जायला उठले. तेवढ्यात शाल्मली बोलली.

"मॅडम, मग अंड्याला वांगं म्हटलं तर ते चालेल?"