न उडालेले वीस बार

एका गावात एक पाटील होता. हैबतराव त्याचं नाव. आवाज असा की शेतातून घरी निघाला तर आवाज आधी पोहोचायचा आणि पाटील मागाहून. माणूस मनानं चांगला, पण त्याला सगळं मोठ्यानं लागायचं. हसणं मोठ्यानं, शिंकणं मोठ्यानं, आणि घरात काही मंगलकार्य निघालं तर मग विचारूच नका!

गावाच्या शिवेवर एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक जुनी चिंच. दसरा झाला की त्या चिंचेवर दरवर्षी करकोचे यायचे. लांब चोचीचे, गुलाबी पिसांचे. काटक्या आणून घरटी बांधायचे, अंडी घालायचे, पिलं वाढवायचे आणि उन्हं तापली की उडून जायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, "आमच्या लेकी आल्या हो बाळंतपणाला!" त्या झाडाची फांदी कुणी तोडत नसे, त्या पाखरांना कुणी खडा मारत नसे.

त्या वर्षी पाटलाच्या मुलीचं, सगुणाचं, लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त. व्याही सुभानराव म्हणजे मानपानाला फार जपणारा माणूस. गूळपाणी यायला उशीर झाला तरी रुसून बसायचा. पाटलानं मनाशी ठरवलं, वऱ्हाड शिवेवर आलं की एकवीस उखळी बार उडवायचे. लोखंडी उखळीत दारू ठासायची, बत्ती द्यायची, की झालंच.

"तीन गावची भांडी फळीवरून खाली आली पाहिजेत," पाटील म्हणाला.

आता लोकांची भांडी पाडून लेकीचं काय भलं होणार होतं, ते पाटलालाच ठाऊक!

वऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी सांजवेळी पाटलाला काही राहवेना. "एक उडवून तर बघू," म्हणत त्यानं तळ्याकाठी उखळी मांडली आणि बत्ती दिली. बार झाला. जमीन हादरली. पाटील खूश होऊन टाळी वाजवणार, तोच चिंचेवरचे सगळे करकोचे एकदम उठले. अंधारून आलं होतं. बिचाऱ्यांना दिसेना. कुणी फांदीवर आपटलं, कुणी एकमेकांवर. त्या धांदलीत घरटी कलंडली आणि पिलं खाली पडली.

पाटील धावत गेला. झाडाखाली तीन पिलं होती. दोघांनी मान टाकली होती. तिसरं तेवढं चोच वासून त्याच्याकडे बघत होतं. पाटील पिलाशेजारी खाली बसला.

बाराचा आवाज ऐकून ठकूबाई आली. ठकूबाई गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, पाटीलसुद्धा. तिनं ते पिलू पदरात घेतलं आणि पाटलाकडे बघितलं.

"हैबत्या, जन्मलास तेव्हाही असंच गाव डोक्यावर घेतलं होतंस. तेव्हा तुला अक्कल नव्हती. आता रे?"

पाटील मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, मावशी. पण लेकीच्या लग्नाचा आनंद आहे गं. आणि उद्या बार झाले नाहीत तर व्याही रुसेल."

"रुसलेल्या व्याह्याची समजूत काढता येते, बाबा. मेलेल्या पिलाची कशी काढशील? आणि एक सांग. उद्या सगुणा बाळंतपणाला येईल, तेव्हा तिच्या दाराशी उखळी मांडशील का?"

पाटलानं डोक्याचा पटका सोडला, त्याची झोळी केली, पिलू तीत ठेवलं आणि एवढं मोठं पोट सांभाळत स्वतः चिंचेवर चढला. पिलू घरट्यात ठेवून तो खाली उतरला तेव्हा गुडघे सोलपटले होते. करकोचे एकेक करून परत आले. उखळी घरी गेली. पण पाटलाला घोर लागला. व्याही शिवेवरूनच मागं फिरला तर? सगुणाचं लग्नच मोडलं तर?

दुसऱ्या दिवशी पाटलानं चिंचेच्या बुंध्याला कडुनिंबाचा डहाळा बांधला, बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा. लांबून वाजंत्री ऐकू आली. पाटील धोतर सावरत पुढं पळत गेला आणि हात जोडून वऱ्हाड थांबवलं.

सुभानरावाच्या भुवया चढल्या. "पाटील, बार कुठं आहेत? आम्ही काय चोर आहोत, गुपचूप गावात शिरायला?"

हैबतराव पाटील जन्मात पहिल्यांदा कुजबुजला. "व्याहीबुवा, जरा हळू. पुढं बाळंतिणी आहेत."

"कुणाच्या घरी?" सुभानरावाचा आवाज आपोआप खाली आला. बाळंतीण म्हटल्यावर कोण ओरडेल?

पाटलानं चिंचेकडे बोट केलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. "एकवीस बार ठरवले होते. काल एक उडवला आणि दोन जीव घेतले. तुम्ही रुसलात तर पाय धरीन तुमचे, पण आता बार उडवणार नाही."

सगळं वऱ्हाड सुभानरावाच्या तोंडाकडे बघू लागलं. सुभानराव झाडाकडे बघत होता. वर एक करकोची पिलांना मासा भरवत होती. मग तो खाली वाकला, आपल्या नव्या करकरणाऱ्या वहाणा काढल्या आणि हातात घेतल्या.

झालं! अख्ख्या वऱ्हाडानं वहाणा काढल्या. सनईवाल्यानं सनई बगलेत मारली. वरमाईनं नवरदेवाच्या घोड्याच्या गळ्यातली घुंगरं पदरात गच्च धरली. एका मामांना शिंक येऊ लागली, तर चौघांनी मिळून त्यांचं नाक दाबलं. दोनशे माणसं हसू दाबत, चवड्यांवर चालत चिंचेखालून गेली. वरचं एकही पाखरू जागचं हललं नाही.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळाशी, सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला आणि मग सनई-हलगी अशी वाजली की ठकूबाईसुद्धा नाचली. पाटील मात्र घाबरत घाबरत व्याह्याजवळ गेला. "मानात काही कमी राहिलं असेल तर..."

सुभानरावानं त्याला मिठीच मारली. "कमी? अहो, आजवर आम्ही शंभर ठिकाणी बार ऐकले. एकही आठवत नाही. आज तुमच्या शिवेवरची शांतता जन्मभर आठवेल. जिथं पाखराच्या बाळंतपणाला एवढं जपतात, तिथली लेक आमच्या घरी येतेय. याहून मोठा मान कुठला, पाटील?"

तात्पर्य: आनंद जरूर करावा, पण आधी भोवतालच्या मुक्या जिवांकडे बघावं. दुसऱ्याचं घरटं मोडून केलेला उत्सव कुणालाच गोड लागत नाही.