सुतक्षाचे पंख आणि देवेंद्राची हरकत

विषय : मनुष्याने पंख हलवून आकाशात उडण्यास देवेंद्रांनी घेतलेली हरकत. वस्तुस्थिती येणेप्रमाणे.

पूर्वी कृतयुगात पयोष्णीच्या तीरावर, जिथे हरिणे व्याघ्रांच्या अंगावर मान टेकून झोपत आणि दोघांपैकी कोणाचीच तक्रार नसे, तिथे बृहत्कर्ण ऋषींचा आश्रम होता. यजमानाने स्वर्गी उडून जावे म्हणून तिथे ससाण्याच्या आकाराची विटांची वेदी रचत. विटांचे साचे करणाऱ्या सुतक्ष सुताराने अशा एकवीस वेद्या पाहिल्या होत्या. एकही जागची हलली नव्हती.

हा पक्षी पंख का हलवीत नाही, असे त्याने एकदा विचारले. तो मंत्रांनी उडतो, तू साचे कर, असे ऋषी म्हणाले.

सुतक्षाने साचे केले आणि स्वतःच्या खांद्यांना बांधून उडण्यासाठी वेळूचा पक्षीही केला. माप मात्र वेदीचेच घेतले, म्हणजे हात उंचावून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीचे. त्या वर्षीचा यजमान राजा पराक्रमाने थोर, पण चणीने ठेंगणा होता. आखूड पंखांनिशी सुतक्ष थेट बोरीच्या जाळीत पडला. काटे काढताना त्याला दुसरीही चूक उमगली : पंख खाली मारून मिळवलेले तो वर उचलताना गमावत होता. मग त्याने स्वतःच्या मापाचे पंख केले आणि त्यांना ताडपत्राच्या झडपा लावल्या. त्या पंख खाली येताना मिटत, वर जाताना उघडत.

कड्यावरून झेप घेऊन त्याने नदी ओलांडली. पैलतीरी ऐरावतावर साक्षात वज्रपाणी उभे होते.

"रे सुतारा, याच वज्राने मी पर्वतांचे पंख छाटले. तुझे उतरव आणि माझ्या पायांशी ठेव."

सुतक्षाचे खांदे भरून आले होते. पंख मात्र त्याने उतरवले नाहीत.

"देवेंद्रा, पर्वतांना पंख जन्मतः होते, म्हणून छाटल्यावर ते पुन्हा फुटले नाहीत. हे मी केलेत. खुशाल छाट. वेळूचे बन मागेच आहे."

रोज उठून वेळू तोडणे वज्राच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. इंद्राने शाप दिला : "पंख हलवून उडू पाहणाऱ्या मनुष्याचे बाहू त्याच्या धैर्याआधी थकतील."

"म्हणजे धैर्य माझ्याकडेच राहिले," सुतक्ष म्हणाला. "बाहूंचे मी बघतो."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कड्यावर चढला आणि नदीच्या मध्यावर पाण्यात पडला. पोहून बाहेर येताच त्याने शाप रद्द व्हावा म्हणून ब्रह्मदेवांकडे अर्ज केला. देवांकडील अर्ज अग्नीमार्फतच जात असल्याने तो भूर्जपत्रावर लिहून होमात टाकला. त्यामुळे अर्जदाराकडे नक्कल राहिली नाही. सुतक्षाने आयुष्यभर झडपा बदलल्या, पंख लांबवले, आणि दर खेपेस नदीत पडला. त्याच्यामागून कित्येकांनी पंख बांधले, खांदे निखळवून घेतले. शापाचा अंमल चालू आहे.

ब्रह्मदेवांचा एक दिवस सहस्र चतुर्युगांचा असतो. तो दिवस अद्याप मावळलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.