बुडत्या खलाशाचा अर्थ

"मग व्यासपीठ मला कधी देणार, बुवा?" त्र्यंबकने विचारलं.

नागेशबुवा हसले. "आज वाच. मग बघू."

बुवांची दृष्टी गेली होती. व्यासपीठावर बसून वाचणारा नवा वाचक मठाला हवा होता. या मठात चातुर्मासात पोथी लागे आणि एरवी कादंबरी. बुवांना दोन्हींत फारसा फरक वाटत नसे. सध्या एका खलाशाची जाडजूड कादंबरी सुरू होती.

त्र्यंबक याच मठात वाढलेला शिष्य. शहरात साहित्य शिकून परतला होता. इतकं शिकून आलेल्याची परीक्षा कसली घेता, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मंडळी ओसरीवर जमली. त्र्यंबक वाचू लागला. वादळ आलं. जहाज फुटलं. खलाशाने एक फळी धरली. लाट आली आणि फळीही हातातून सुटली...

त्र्यंबकने तिथेच पुस्तक मिटलं.

"समुद्र म्हणजे संसार," तो म्हणाला. "फळी म्हणजे माणसाचा अहंकार. पहिल्या प्रकरणात खलाशाच्या आईच्या हातून तांब्या विहिरीत पडतो, आठवतं? ती या बुडण्याची पूर्वसूचना. आणि ज्याला पाण्याचं वेड, त्याच्याच जिवावर पाणी उठतं, हा उपरोध."

बराच वेळ बोलला. छान बोलला, खोटं कशाला सांगू? शेवटी हात जोडून म्हणाला, "पुढचं उद्या."

कोणी उठेना.

आत भात निवत होता. त्र्यंबकला वाटलं, मंडळी भारावली.

"अरे, तो बुडतोय ना!" म्हाताऱ्या गोदाक्का कळवळून म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्याला आठवलं. या मठात कथेतला माणूस संकटात असताना वाचन थांबवत नसत. तो सुखरूप होईपर्यंत कोणी घास घेत नसे. शहरात राहून त्र्यंबक नेमकं हेच विसरला होता.

"अक्का, ते रूपक आहे."

"असू दे की रूपक. नाकातोंडात पाणी जातंय त्याच्या!"

बुवांना हसता हसता ठसका लागला. त्र्यंबकचे कान लाल झाले.

"म्हणजे अर्थ सांगायचाच नाही का, बुवा?"

"सांग की. छान सांगतोस... आधी त्याला वर काढ."

फणकाऱ्यानेच त्याने पुस्तक उघडलं. खलाशी बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. पान उलटलं तसा फणकारा ओसरला. मग आवाज कापू लागला. खलाशाच्या पायाला वाळू लागली, तेव्हा त्र्यंबकनेच मोठ्ठा श्वास घेतला आणि त्याच्याबरोबर सगळ्या ओसरीने.

"पोचला रे बाबा!" कोणीतरी ओरडलं. गोदाक्कांनी टाळ्या वाजवल्या. केवढा आनंद झाला सगळ्यांना! गावातलंच पोर घरी आल्यासारखं.

"चला, पानं वाढा," गोदाक्का म्हणाल्या.

त्र्यंबकने मान वर केली नाही. "थांबा हो! कुडकुडतोय तो. अजून आग पेटायचीय..."

व्यासपीठाचं त्याला भानच उरलं नव्हतं. डोळे पुसत, हसत तो वाचत राहिला.

आग पेटली. भात पार गार झाला. कोणाची तक्रार नव्हती.

गोदाक्कांनी विचारलं, "मग बुवा, वाचक मिळाला म्हणायचा?"

बुवांनी चाचपडत हात पुढे केला आणि त्र्यंबकच्या पाठीवर ठेवला.

"वाचक कसला... श्रोता मिळाला. बसू दे त्याला तिथेच, व्यासपीठावर."